वेणूचा पत्ता

हेलन साळवे यांनी पहिली कादंबरी लिहिली तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. त्याआधी त्यांच्या हातून झालेलं लिखाण म्हणजे बोर्डिंगच्या मुलींची हजेरी, किराण्याच्या चिठ्ठ्या आणि नाताळात मुलींसाठी लिहून बसवलेली चार-दोन नाटुकली. नगरच्या एका मिशन कंपाउंडमधल्या मुलींच्या बोर्डिंगात त्यांनी उभी हयात मेट्रन म्हणून काढली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, पाट्या बदलल्या, पण हेलनबाई नगरच म्हणायच्या. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, मूलबाळ नव्हतं. बोर्डिंगातल्या मुली त्यांना मावशी म्हणत आणि मुलींचे आईबाप म्याट्रनबाई.

पुढे मुली कमी होत गेल्या आणि एका उन्हाळ्यात बोर्डिंगला कुलूप लागलं ते लागलंच. हेलनबाई कंपाउंडच्या मागच्या अंगाला, थोरल्या बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. ही बहीण म्हणजे स्टेलाताई. निवृत्त नर्स, गुडघ्यांनी अधू, तोंडाने फटकळ. टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडण्यात त्यांचा दिवस जायचा. कोरोनाच्या टाळेबंदीत चर्चसुद्धा बंद झालं तेव्हा हेलनबाईंना दिवस खायला उठला. खिडकीतून बोर्डिंगची मागची भिंत दिसायची. तिच्याकडे बघता बघता एक दिवस त्या लिहायला बसल्या.

"काय खरडतेस एवढं?" स्टेलाताईंनी विचारलं.

"काही नाही, ताई. एक मुलगी आठवली."

ती मुलगी म्हणजे कौशी. शेवगावच्या पुढं, बोधेगावच्या अंगाला तिचं गाव. आईबाप दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. कौशी लहानपणी त्यांच्याबरोबर फडात असायची, तिथंच कोयत्याखाली तिच्या डाव्या करंगळीचं टोक तुटलं. त्या धसक्याने आईने तिला बोर्डिंगात आणून घातलं. पोरगी हुशार होती, पाढे गाण्यासारखे म्हणायची. ताटातली अर्धी भाकरी लपवून फाटकाबाहेरच्या कुत्रीला द्यायची आणि हेलनबाईंना ते ठाऊक असूनही त्या कधी बोलल्या नाहीत. पाच वर्षं राहिली. तेराव्या वर्षी आई तिला न्यायला आली. धाकटं मूल सांभाळायला कोणी नव्हतं, आणि कौशीच्या हातात आता कोयता धरण्याइतकं बळ आलं होतं. कौशी आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसून राहिली. उठेना. शेवटी आईने तिला दंडाला धरून उठवलं.

तो हंगाम संपला आणि जूनमध्ये बोर्डिंग उघडलं तेव्हा तिची आई, बायडाबाई, बोर्डिंगच्या दारात येऊन उभी राहिली. एकटीच.

"म्याट्रनबाई, माझी कौशी हितं आली का वो?"

कोल्हापूरकडच्या एका फडावर कौशी सकाळी पाणी आणायला म्हणून उसाच्या पाचटाच्या कोपीतून निघाली आणि परत आली नव्हती. दोन दिवस शोधलं, पोलिसांत सांगितलं. मग फड संपला, मुकादमाने टोळी पुढं हलवली आणि आईबापांना टोळीबरोबर जावं लागलं. मुलगी रागावून बोर्डिंगातच गेली असेल, या एका आशेवर बायडाबाईने उरलेला हंगाम रेटला होता. हेलनबाईंनी तिला आत नेलं, मुलींच्या झोपायच्या खोल्या दाखवल्या, स्वयंपाकघर दाखवलं. बायडाबाईने एकेक पलंग बघितला. मग पदर डोक्यावर घेऊन निघून गेली.

हेलनबाईंच्या मनातून ती गेली नाही. कौशीही गेली नाही. पुढं शेकडो मुली आल्या, शिकल्या, लग्नं होऊन गेल्या, कुणी नर्स झाली, कुणी सुप्याच्या कारखान्यात लागली. त्या सगळ्यांचं काय झालं ते कळत राहिलं. एकीचंच कळलं नाही.

कादंबरीत तिचं नाव त्यांनी वेणू ठेवलं. गावाचं नाव बदललं. करंगळी, पेटी, कुत्री, पाढे मात्र तसेच ठेवले, कारण ते काढले की मुलगीच उरत नव्हती. मुलगी कोपीतून बाहेर पडली, इथपर्यंत लिखाण सरळ गेलं. पुढं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आधी त्यांनी तिला कालव्यात मेलेली दाखवली. लिहून झालं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पानं फाडून त्यांनी चुलीत घातली आणि वेणूला इचलकरंजीला पाठवलं. पूर्वी एका नातलगाच्या लग्नाला त्या तिथं गेल्या होत्या, यंत्रमागांचा आवाज त्यांच्या कानात होता. वेणूला एका म्हाताऱ्या विणकर बाईने ठेवून घेतलं. ती माग चालवायला शिकली. भला नवरा मिळाला, दोन मुलं झाली, थोरला कॉलेजात गेला. पाण्याच्या टाकीखालच्या गल्लीत तिची खोली, दारात पिवळी शेवंती. शेवटच्या प्रकरणात वेणू शेवंतीला पाणी घालता घालता मुलीला सांगते, माझ्या आईवर माझा राग नाही, तिच्या हातात काही नव्हतं.

हे लिहिताना हेलनबाई रडल्या आणि रडून त्यांना बरं वाटलं.

दोन प्रकाशकांनी नकार दिला. पुण्याच्या एका लहान प्रकाशकाने होकार दिला. छापताना तो फोनवर म्हणाला, "बाई, मुखपृष्ठावर ‘सत्य घटनेवर आधारित’ असं टाकू या. वाचक उचलतात."

"सगळं सत्य नाही हो. अर्धं माझ्या मनचं आहे."

"आधारित म्हणजे तेच की."

वयाच्या त्या टप्प्यावर आपलं नाव पुस्तकावर येतंय, याचंच हेलनबाईंना इतकं अप्रूप होतं की एका ओळीसाठी त्यांनी ताणून धरलं नाही.

पुस्तक आलं. चर्चमध्ये पाळकांनी नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. जुन्या मुलींचे फोन आले. पेपरवाल्याने कंपाउंडमध्ये येऊन फोटो काढला आणि रविवारच्या पुरवणीत मोठी बातमी दिली: ऊसतोड कामगाराच्या हरवलेल्या मुलीची खरीखुरी कहाणी. स्टेलाताईंनी ती कापून फ्रिजला चिकटवली. "म्हातारपणी नाव काढलंस," म्हणाल्या. फटकळ बहिणीच्या तोंडून एवढं निघालं म्हणून हेलनबाईंना त्या दिवशी दोन घास जास्त गेले. दुसरी कादंबरीही त्यांनी सुरू केली.

एप्रिलमध्ये हंगाम संपवून टोळ्या परतल्या. एका सकाळी दोन बायका फाटकाशी विचारत विचारत आल्या. एक पाठीत वाकलेली म्हातारी, दुसरी तिशीतली, हातात पुस्तक.

"वळखलं का, म्याट्रनबाई?"

आवाजावरून नाही, पदर डोक्यावर घेण्याच्या ढबीवरून हेलनबाईंनी ओळखलं. "कौशीची आई."

"व्हय. ही माजी सून, सुरेखा. धावी शिकल्याली हाय. हिनं मला समदं पुस्तक वाचून दावलं. दोनदा." बायडाबाई ओट्यावर टेकल्या. पाणी पुढं केलं ते त्यांनी बाजूला ठेवलं. "पत्ता द्या आता."

"कशाचा पत्ता?"

"कौशीचा. तुमच्या पुस्तकातल्या वेणूचा."

हेलनबाई शेजारी बसल्या आणि हळूहळू समजावू लागल्या. कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट असते. बोर्डिंगातलं जे आपण डोळ्यांनी बघितलं ते खरं, पुढचं मनाने लिहिलं. बायडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तिची करंगळी मनानं रचली?"

"नाही. ती खरी."

"कुत्रीला भाकर द्यायची, ते?"

"खरं."

"मी न्यायला आले तवा पेटीवर बसून हुती, उठंना. म्या दंडाला धरून वडली. ते तर माज्याबिगर तुमालाच ठावं."

"तेही खरं, बायडाबाई."

"मंग इथपत्तुर खरं अन् पुढचं खोटं, आसं कसं व्हईल?"

सुरेखा खाली मान घालून म्हणाली, "मी म्हनलं त्यांना, आत्या, गोष्ट आसती ती. पन पेपरात खरीखुरी म्हणून आलंय ना." आणि तिनेही मान वर करून हेलनबाईंकडे बघितलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की थोडी आशा हिलाही आहे.

आतून स्टेलाताई काठी टेकत आल्या. "अगं बाई, हिला ठाऊक असतं तर हिने तुला तेव्हाच कळवलं नसतं का?"

"कौशीनं आन घातली आसंल," बायडाबाई म्हणाल्या. "आईला सांगू नगा म्हनली आसंल. माजं काय म्हननं न्हाई. मी दुरून बघंन अन् माघारी येईन. पोरं बघंन. थोरला कॉलेजात हाय नव्हं?"

दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी बायडाबाई उठल्या. पत्ता नाही दिला तरी चालेल, म्हणाल्या, गावाचं नाव पुस्तकात हाय, टाकी हाय, शेवंती हाय. शोधीन. मुलगा भागवत नको म्हणतो, पण त्याला न सांगता जाईन.

त्या गेल्यावर स्टेलाताई म्हणाल्या, "तू जाऊ नकोस हं तिच्याबरोबर. तू गेलीस की तिची खात्रीच पटेल."

"नाही गेले तर ती एकटी जाईल, ताई. तिला साधी एसटीची पाटी वाचता येत नाही."

आठवड्याभराने दोघी निघाल्या. पुण्याला गाडी बदलायची होती. सुपा मागे पडलं, कारखान्यांच्या भिंती संपल्या, तेव्हा बायडाबाईंनी मांडीवरची पिशवी उघडून दाखवली. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, एक चोळीचा खण आणि कागदात गुंडाळलेला निळा शर्ट.

"माप ठावं न्हाई. अंगानं केवढा आसंल वो?"

हेलनबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्या मुलाचं अंग कसं आहे ते त्यांनी कुठं लिहिलंच नव्हतं. "मोठा झाला तर थोडा सैल असलेला बरा," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि निघाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

इचलकरंजीत सगळीकडे मागांची खडखड. शहर हेलनबाईंच्या आठवणीतल्यापेक्षा कितीतरी वाढलं होतं. पाण्याची टाकी मात्र सापडली. टाकी कुठल्या शहरात नसते? पण ती दिसली आणि बायडाबाईंचं पाऊल असं उचललं, की हेलनबाईंना त्यांच्या मागोमाग पळावं लागलं. टाकीखाली गल्ली होती. गल्लीत दारोदार कुंड्या, डबे, तुळशी. एका दाराशी फुलझाडही होतं, शेवंती नव्हती, झेंडू होता. तिथं चाळिशी उलटलेली एक सावळी बाई दोरीवर धुणं वाळत घालत होती.

बायडाबाईंनी काही विचारलं नाही. सरळ जाऊन तिचा डावा हात धरला आणि उन्हात धरून बघितला. पाचही बोटं धड होती. तरी त्या करंगळीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"काय झालं, आजी? कोण पाहिजे?"

हेलनबाईंनी सांगितलं. सांगताना आपण लिहिलेल्या पुस्तकाचा उल्लेख त्यांना करवेना, एवढंच म्हणाल्या की यांची मुलगी लहानपणी हरवली, इकडे असेल असं कुणी म्हणालं. त्या बाईने हात सोडवून घेतला नाही. दोघींना आत बसवून चहा दिला. शेजारच्या बायका जमल्या. नगरकडची एक बाई पलीकडच्या गल्लीत होती, असं एक म्हणाली. तिथं गेले, ती मोहोळची निघाली. मग आणखी कुणी आणखी काही सांगितलं. दिवस मावळेपर्यंत बायडाबाईंनी कित्येक बायकांचे हात बघितले. काहींनी झिडकारलं. एका दाराशी एका माणसाने, मुलं पळवणाऱ्या बाया आहात का, म्हणून आवाज चढवला.

रात्र त्यांनी हेलनबाईंच्या त्या नातलगाकडे काढली. सकाळी पुन्हा निघाल्या. पण दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी बायडाबाई एका पायरीवर बसल्या. आतल्या मागांच्या दणक्याने ती पायरीसुद्धा हलत होती. मग त्यांनी पिशवीतला शर्ट काढला आणि शेजारी खेळणाऱ्या पोरांच्या आईकडे दिला. "कुनाला बी व्हईल," म्हणाल्या. आणि हेलनबाईंना, "चला."

परतीच्या गाडीत भाकरी तशीच होती. पुणं सोडल्यावर बायडाबाईंनी विचारलं, "तिचा माज्यावर राग न्हाई, आसं तुमी शेवटाला लिवलंय. ते तरी खरं हाय का?"

हो म्हणणं सोपं होतं. हेलनबाईंच्या जिभेवर ते आलंही होतं. पण पेटीवर बसलेली, ओठ घट्ट मिटलेली मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे होती आणि शेजारी बसलेल्या या बाईला आणखी एकदा रचलेलं काही द्यायला त्या धजल्या नाहीत.

"मला माहीत नाही, बायडाबाई."

बायडाबाईंनी मान हलवली आणि काचेला डोकं टेकवलं. नगर येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. झोपल्या मात्र नव्हत्या.

घरी येताच हेलनबाईंनी प्रकाशकाला फोन लावला. ती ओळ काढा, म्हणाल्या. तो अदबीनेच बोलला. दुसरी आवृत्ती छापून तयार आहे, त्या ओळीमुळेच पुस्तक चाललंय, आणि नवीन कादंबरी कुठवर आली? हेलनबाईंनी फोन ठेवला. नवीन कादंबरी बोर्डिंगातल्याच दुसऱ्या एका मुलीवर होती. लिहिलेली पानं त्यांनी पुन्हा वाचायला घेतली तर प्रत्येक ओळीमागे कुणाची तरी आई उभी असल्यासारखं वाटायला लागलं. त्यांनी ती पानं कपाटात वरच्या कप्प्यात ठेवून दिली.

पावसाळा गेला. दसरा झाल्यावर सुरेखाचा फोन आला. आम्ही फडावर निघालोय, म्हणाली, यंदा आत्यांना घरीच ठेवतोय, चालवत नाही आता. तुम्ही एकदा येऊन जा. आणि पुढं म्हणाली, "घरात कुनाशी बोलत न्हाईत. निसत्या दारात बसत्यात."

हेलनबाई शेवगावला गाडी बदलून बायडाबाईंच्या गावी पोचल्या तेव्हा वेशीजवळ ट्रकमध्ये माणसं, भांडी, शेळ्या, पांघरुणं चढवणं चाललं होतं. बायडाबाई घराच्या दारात बाजेवर बसल्या होत्या. हेलनबाईंना बघून त्यांनी सरकून जागा केली. सुरेखाने घाईघाईत चहा टाकला.

वाटेत हेलनबाईंनी मनाशी एक ठरवलं होतं. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "बायडाबाई, मला एक सुचलंय. मी पुढचं लिहिते. वेणू घरी येते, आईला भेटते. तेवढंच फक्त तुमच्यासाठी लिहिते. छापणार नाही. सुरेखा वाचून दाखवील."

"नगं," बायडाबाई म्हणाल्या. "ती आली म्हणून तुमी लिवाल, अन् मी हितं दाराकडं बघत बसंन."

"मला वाटलं, तुम्हाला जरा..."

"ऐका. धनी जित्ते हुते तवा आमी तिचं दिवस घातलं हुतं. धा-बारा वर्सं वाट बघितली, मंग पिठाची बाहुली केली, नदीवर नेली, जाळली. तेरावं केलं. भावकीला जेवू घातलं. म्या रडून मोकळी झाल्ते, म्याट्रनबाई. ती मेली, आसं मनाला सांगून सांगून ते बसलं हुतं. तुमी तिला उठवलं." आवाजात राग नव्हता. दमलेलं माणूस बोलतं तसं त्या बोलत होत्या. "आता तिला पुन्यांदा मारायचं हाय. तवा अंगात बळ हुतं. आता न्हाई."

हेलनबाईंनी माफी मागितली. बायडाबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "तुमी मायेनंच लिवलं," म्हणाल्या. "ते कळतं मला."

ट्रकचा हॉर्न वाजला. भागवतने आईच्या पायांना हात लावला, सुरेखाने शेजारणीला चार गोष्टी बजावल्या, पाणी भरून ठेव, औषध दे. धुरळा उडवत ट्रक गेला. गल्ली एकदम रिकामी झाली. हेलनबाईंनी चहाचे कप मोरीत विसळून पालथे घातले, चुलीशी सुरेखाने ठेवलेलं जेवण झाकून ठेवलं. शेवटच्या गाडीला अजून वेळ होता. त्या बाजेवर येऊन बसल्या. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसून राहिल्या. दिवस कलला आणि हेलनबाई गाडीसाठी निघाल्या तेव्हा बायडाबाईंनी उठून दार लोटून घेतलं आणि त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या.